फाटायला जन्मलो, पण फाटेचना!

मी कागदी पडदा बोलतोय. थांबा, आधी जरा श्वास घेऊ द्या. जे झालं ते अजून मलाच खरं वाटत नाही.

आमच्या वालाबिन गावात फुटबॉलचा मोठा सामना असला, की खेळाडू दोन काठ्यांमध्ये ताणलेला कागद फाडत मैदानात धावत येतात. तो कागद म्हणजे मी. आयुष्य एका दुपारचं, पण तक्रार नाही.

माझी सगळी थोरली भावंडं नोरीनकाकूंनी बनवली, पुरुषांच्या संघासाठी. काकूंना स्वतःला मात्र लहानपणी कुणी चेंडूला पाय लावू दिला नव्हता. यंदा त्यांच्या लेकीचा, टेगनचा, बायकांचा संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला. आणि पुरुष? सगळ्यात तळाला! त्यांचा कप्तान ब्रोडी म्हणाला, "काकू, या वेळी तुम्ही हात लावायचा नाही. पडदा आम्ही करणार."

केला की! एकाला वाटलं, वाऱ्यानं फाटला तर? झालं! खोकी बांधायची जाड चिकटपट्टी आणून माझ्या पाठीवर उभी-आडवी-तिरकी, जागा दिसेल तिथे चिकटवली. अरे बाबांनो, मला फाटायचंय! पण कागदाचं ऐकतो कोण?

सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला काकू माझी एक काठी धरून उभ्या होत्या. टेगन सुसाट आली, खांद्यानं माझ्यावर आदळली आणि, बाप रे, उताणी पडली! नाकातून रक्त. मी जसाच्या तसा. मग पलीकडच्या गावचा कुणीतरी ओरडला, "कागद फाटेना, कप काय नेणार!"

पोरींचे चेहरे खर्रकन उतरले. "बाजूनेच जाऊ या ना," एक पुटपुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यापायी या हरल्या तर?

"चुकलं गं! कात्री आणतो," ब्रोडी म्हणाला.

"कात्री-बित्री नको." टेगननं बाहीला नाक पुसलं. "आई, काठी त्याला दे. तू ये आमच्यात."

"वेड लागलंय का तुला? माझे गुडघे बघ! अंगावर एप्रन आहे!"

"असू दे. जन्मभर दुसऱ्यांसाठी कागद चिकटवलेस ना? आज फाड."

काकूंनी एप्रनची गाठ आवळली. मग काठी ब्रोडीच्या हातात कोंबत म्हणाल्या, "नीट धर रे. सोडलीस तर बघ!"

आणि आल्या की हो! हातात हात गुंफून सगळ्या पोरी, मधोमध एप्रनवाल्या काकू. माझी तर बोबडीच वळली. असा धडाका मी कशाला बघितलाय? टर्रकन दोन तुकडे झाले माझे. काकू पलीकडे गवतावर आपटल्या.

पोरी जिंकल्या, हे कचऱ्याच्या पिंपात पडल्या पडल्या त्यांच्या गाण्यावरून कळलं. पण मला खरा धक्का बसला तो त्याआधीच. काकू गवतावरून उठल्या, चौफेर बघत राहिल्या आणि लेकीला म्हणाल्या, "अगं, आतून इतकं मोठं दिसतं होय मैदान?"