पदराच्या दशा

मंजिरीने कोसा रेशमाच्या साडीचा पदर पुन्हा ओढला आणि टोकाचे सुटे धागे मुठीत धरून खदखदून हसली. इंदूबाईंनी नातीची मूठ हळूच सोडवली आणि परत गोंडे वळायला घेतले.

पलीकडे ईरा शब्दकोश घेऊन बसली होती. रायपूर राजधानी झाल्यापासून रोज कुठे ना कुठे नवी शाळा निघत होती. त्यातल्याच एका शाळेत इंग्रजीच्या जागेसाठी उद्या तिचा डेमो तास होता. मंजिरीला तेवढा वेळ सांभाळाल का, हे मात्र तिने सासूबाईंना अजून विचारलंच नव्हतं. प्रश्न ओठांपर्यंत यायचा आणि कुकरच्या शिट्टीत विरून जायचा.

"काय वाचून राहिली एवढं?"

"एक शब्द आहे, आई. फ्रॅझल्ड. चहूकडून ओढाताण होऊन माणूस अगदी जेरीस येतो ना, तसं. उद्या मुलांना समजवायचाय."

"परेशान म्हण ना मंग. त्याच्यात काय एवढं?"

ईरा हसली. खालची बारीक ओळ तिने वाचली, मग पुन्हा वाचली. शब्द मुळात मनाचा नव्हताच, कापडाचा होता. काठाशी सुटून पिंजारलेला धागा. परक्या मुलखात कधीतरी कुणाला आपल्या जिवाकडे पाहून विरत्या काठाची आठवण झाली होती.

"पाह्य, कशा दशा काढल्या पोट्टीनं पदराच्या," इंदूबाई पुटपुटल्या.

ईराचं बोट ओळीवरच थांबलं.

"काय काढल्या?"

"दशा. हे सुटे धागे. तुमच्या अकोल्याकडं नाही म्हणत काय?"

म्हणत होते. आणि बाळंतपणानंतर तिला पाहून माहेरी आईही म्हणाली होती, काय दशा झाली गं तुझी. दोन्ही शब्द तिने जन्मभर ऐकले होते. ते एकच असतील असं कधी मनातही आलं नव्हतं. मधे एवढा समुद्र, आणि दोन्हीकडच्या माणसांनी तोच धागा चिमटीत धरलेला. ती सतरंजीवरून इंदूबाईंकडे सरकली आणि एक सुटी दशी तिने बोटाला गुंडाळली.

"अशाच सोडल्या तर काय होतं, आई?"

"आतवर उसवत जाते. चार धागे संगं घेऊन गाठ मारा लागते."

ईराने दशी बोटावरून सोडली, पुन्हा गुंडाळली.

"माझ्याही निघाल्यात, आई."

इंदूबाईंनी वर पाहिलं नाही. हातातली गाठ आवळली, पदर बाजूला सारला आणि मंजिरीला मांडीवर ओढून घेतलं.

"उद्या कितीले निघा लागते तुले?"