डावीकडचा खड्डा

चाकानंतर मानवजातीने लावलेला सर्वांत थोर शोध कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी विनयाने गप्प बसेन. कारण उत्तर मीच आहे. मित्रांनो, मी एक जुनी डॅनिश आरामखुर्ची आहे आणि सध्या माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले असतात.

थंड प्रदेशातल्या एका सुताराने माझे लाकूड वाकवले, आत स्प्रिंगा बसवल्या, वर लोकरी कापड ओढले. आधी मी एका साहेबांकडे होते. त्यांची बदली झाली तेव्हा मी टेम्पोत मावले नाही, म्हणून कारखान्यातल्या फिटरकाकांना मिळाले.

बॉयलरच्या ठोकाठोकीने काकांचा उजवा कान गेला होता. काकू माझ्या डाव्या हाताला बसत, म्हणून काका डावीकडे कलून बसत.

"अहो, सरळ बसा. पाठ धरेल."

"सरळ बसलो तर तुझं बोलणं ऐकू यायचं नाही."

"मग बसा की सरळ. सुखी व्हाल!"

ते कधीच सरळ बसले नाहीत. तेवीस वर्षांत माझ्या गादीला डावीकडे खड्डा पडला. काका गेल्यावर काकू तिथे कोणाला बसू देईनात. रोज सकाळी त्या खड्ड्यावरून नुसता तळवा फिरवत.

मग एका कंपनीला आजच्या घरांसाठी माझे नवे भाईबंद काढायचे होते. मापांसाठी जुना नमुना हवा होता. तरुण अधिकारी म्हणाला, "काकू, महिन्याभरात परत आणतो. अगदी नवी करून!"

"नवी करू नका. आहे तशी आणा."

"हो, हो," तो म्हणाला आणि तेवढेच लिहायचे विसरला.

कंपनीत माझी बारकाईने मापे घेतली. डावी बाजू दोन बोटे खोल निघाली. "हीच तर मूळ कलाकाराची प्रतिभा!" मोठे साहेब उद्गारले. खड्डा नकाशात गेला, तिथून शेकडो खुर्च्यांत. मला मात्र गादीवाल्याकडे धाडले. भला माणूस! त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. त्याने खड्डा मन लावून भरला.

मी घरी आले. काकूंनी तळवा फिरवला. पुन्हा फिरवला. अधिकारी चार जिने चढून आला होता, म्हणून त्या म्हणाल्या, "छान झालीय हं." तो गेल्यावर त्यांनी माझ्यावर कपड्यांचा ढीग ठेवला.

पुढे लेकीने त्यांना त्या कंपनीच्या दुकानात नेले. घरी येऊन लेक भावाला फोनवर सांगत होती, "दादा, आई नव्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, 'अगं, हे तर इथे आहेत!' उठेचना. म्हटलं, घेऊया एक. तर म्हणते, 'नको गं. ओळीने बारा मांडल्यात. बारा नवरे घेऊन करू काय? एकाला सांभाळताना नाकी नऊ आले.'"

त्या दुपारी काकूंनी कपडे उचलले आणि माझ्यात बसल्या. डावीकडे कलून. आता रोज तासभर बसतात, मग कपडे परत ठेवतात.

पहिला खड्डा पडायला तेवीस वर्षे लागली, आणि काकांचे वजन ऐंशी किलो होते. काकूंचे बेचाळीस आहे, आणि वय शहात्तर. पुढचे गणित मी करत नाही.

मित्रांनो, कोणाची वस्तू दुरुस्त करण्याआधी काय मोडले आहे ते विचारत जा. आणि कधी आमच्याकडे आलात, काकूंनी बसा म्हटले, तर जरा डावीकडे कलून बसा. फक्त आधी मागच्या खिशातला कंगवा काढा. टोचतो.