बावीस चकत्या

मिस्त्री आणि त्याचा मेहुणा दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण राईएवढं. "दाजींचा टाका हल्ली तिरका जातो," असं मेहुणा चारचौघांत बोलून गेला होता. तीस वर्षं विमानांच्या पंखांना कापड चढवणाऱ्या माणसाला ते झोंबलं. तेव्हापासून मिस्त्री सकाळी कापड चढवी, मेहुणा दुपारी येऊन रंग मारी. निरोप असलाच तर तो मिस्त्रीच्या बायकोमार्फत जाई. एकाची बायको आणि दुसऱ्याची बहीण, त्यामुळे शिव्या ती वाटेतच गाळून टाकी.

त्या सकाळी मिस्त्रीची मुलगी पिवळं विमान उतरवून थेट कारखान्यासमोर घेऊन आली.

"बाबा, डावा पंख जड लागतोय. बारा वाजता व्यावसायिक परवान्याची परीक्षा आहे, तेवढं बघा ना."

"नाश्ता डाव्या बाजूने केलास का?"

"बघा हो लवकर. परीक्षक पुन्हा सहा महिन्यांनी येणार आहे."

मिस्त्रीने पंखाचं टोक धरून हलवलं. आत काहीतरी डुचमळलं. तो खाली वाकला. पंखाच्या मागच्या कडेला, प्रत्येक कप्प्याच्या तळाशी, बटणाएवढी प्लॅस्टिकची चकती चिकटवलेली होती. तिच्या मधल्या भोकातून आत साचणारं दवा-पावसाचं पाणी गळून जावं, एवढंच तिचं काम. त्याने भोकात काडी घालून पाहिली. काडी आत गेलीच नाही. मधलं कापड तसंच होतं, रंगलेलं आणि ढोलकीसारखं ताणलेलं. दुसऱ्या चकतीत तेच. तिसरीत तेच. अकरावीपर्यंत तेच. उजव्या पंखाच्या अकरा त्याने मोजल्या, पण बोट लावायचा धीर होईना.

भोकं रंगानंतर पाडायची, तापलेल्या सळईने. रंगवणारा हाक मारायचा, "पाडू का?" आणि मिस्त्री म्हणायचा, "पाड." कारखान्याची सगळी शिस्त ती एवढीच. या पिवळ्या विमानाच्या वेळी हाक कोणी मारली नाही, म्हणून उत्तरही कोणी दिलं नाही. तपासनीसाने चकत्या मोजल्या, बावीस भरल्या, सही ठोकली.

मिस्त्रीने पहिली चकती टोचली. गढूळ पाणी त्याच्या बाहीत शिरलं आणि कितीतरी वेळ गळत राहिलं.

"निघालं ना पाणी?" मुलगी घड्याळ बघत म्हणाली. "बाकीची भोकं पाडा. मी जाते."

मिस्त्रीच्या हातात पातं होतं. या पंखावरचा एकेक टाका त्याने बायकोलाही कौतुकाने दाखवला होता. त्याने पातं लावलं आणि कापड हातभर फाडलं.

"बाबा, काय करताय?"

पंखाचा सगळा भार पेलणारी आतली लाकडी तुळई काळी पडली होती. त्याने अंगठा टेकवला. अंगठा पावात जावा तसा लाकडात गेला. मुलीने वाकून पाहिलं, स्वतःचाही अंगठा टेकवला आणि झटकन मागे घेतला.

"काल मी मामाला वर नेलं होतं," ती हळूच म्हणाली. "त्याला मजा यावी म्हणून तिरके वळसे घेतले. चार."

मेहुणा रंगाचा डबा घेऊन दारात येऊन उभा होता. त्याने ते ऐकलं, फाटलेला पंख पाहिला, डबा खाली ठेवला. नीट ठेवला नसावा, कारण तो कलंडला, आणि उचलायला कोणी गेलं नाही.

"दाजी," तो म्हणाला. दोन वर्षांतला पहिला शब्द. "भोकं तुम्ही पाडली असतील, असं मला वाटलं."

"आणि मला वाटलं, तू."

"मी विचारणार होतो."

"मग?"

मुलगी एकदा बापाकडे, एकदा मामाकडे बघत राहिली.

"म्हणजे तुम्ही दोघं खाली गप्प बसला होतात," ती म्हणाली, "आणि वर मी जात होते."

बारा वाजायला दहा मिनिटं होती. तिने चाकाखाली लाकडी ठोकळा सारला आणि परीक्षा देत नसल्याचं परीक्षकाला कळवायला ती चालत निघाली. मिस्त्री उजव्या पंखापाशी गेला. त्याने पातं कापडाला टेकवलं. मेहुण्याने पुढे होऊन पंखाचं टोक घट्ट धरलं.

"फाडू का?" मिस्त्रीने विचारलं.

"फाडा."