दोन अर्धे डबे

डबे मी एकत्र केले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी काहीतरी रहस्य निघेल म्हणून कोणी टपून बसायला नको. माझ्याशिवाय हे फक्त माझ्या बायकोला, वसुधाला, माहीत आहे. ज्याला कळायला हवं त्या आमच्या नकुलला अजून माहीत नाही.

नकुल आमचा एकुलता एक. जन्म इथलाच, अमेरिकेतला, वय चौतीस, डेंटिस्ट. फ्रिस्कोत आमच्या घरापासून दहा मिनिटांवर त्याचं क्लिनिक होतं. त्याचा हात फार हलका आहे असं लोक मला गाठून सांगायचे, इंजेक्शन दिलेलं कळतसुद्धा नाही म्हणे. मी त्याला तसं कधी बोललो नाही. मुलांना डोक्यावर बसवायचं नसतं.

दोन वर्षांपूर्वी त्याला शिकारीचं वेड लागलं. कोणा मित्राने हरणांच्या सीझनला नेलं, आणि परत येऊन याने रायफल घेतली. मी म्हटलं, आपल्या घरात आजवर कोणी धड झुरळ मारलं नाही, तू हरीण मारणार? तो हसला. मी बोललो की तो लहानपणापासून हसतोच. यंदा मात्र काडतुसंसुद्धा घरीच भरायची म्हणाला, विकतच्यापेक्षा जास्त अचूक होतात म्हणून. त्याच्या अपार्टमेंटमध्ये जागा नव्हती, तेव्हा टेबल आणि प्रेस आमच्या गॅरेजमध्ये आले. माझ्या गॅरेजात आलं म्हणजे माझं झालं.

आणि खरं सांगू का, मला आवडलं ते काम. चाळीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली, आधी पिंपरीला, मग इथे. काडतुसाची वापरलेली पितळी पुंगळी पुसायची, प्रेसमध्ये घालून तिचा आकार परत सरळ करायचा, बुडात ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, बंदुकीची पावडर तोलून ओतायची आणि वरून गोळी दाबायची. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच माझे हात कामाला लागले होते.

नकुल पुस्तक उघडं ठेवून काम करायचा. एकूणएक माप वहीत उतरवायचा आणि प्रत्येक पुंगळीची पावडर दोनदा तोलायचा. ‘दात उपटतानाही दोनदा मोजतोस का, हाच की शेजारचा?’ असं मी विचारायचो. पुस्तकात एक नियम होता, टेबलावर एका वेळी एकच पावडर, आणि तीही तिच्या मूळ डब्यातच, कारण प्रत्येक पावडर वेगळ्या वेगाने पेटते. तो त्याने मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवला. माझ्या गॅरेजात मलाच पाट्या! माझं डोकंच फिरलं.

नोव्हेंबरातला एक गुरुवार. दुपारी मी गॅरेज आवरायला घेतलं. फळीवर पावडरचे दोन डबे होते, एकाच कंपनीचे, दोन्ही काळे, दोन्ही अर्धे. आमच्या घरात दोन अर्धे डबे कधीच राहत नाहीत. साखरेचे असोत, पोह्यांचे असोत, डिटर्जंटचे असोत, एकात ओतायचं आणि एक रिकामा करायचा. आईने लावलेली सवय आहे, आणि मला ती सवय वाटत नाही, अक्कल वाटते. मी फनेल घेतलं आणि एकातली पावडर दुसऱ्यात ओतली. डबा जरा हलवला, म्हणजे नीट बसेल. रिकामा झालेला डबा धुतला, वाळवला आणि त्यात स्क्रू भरून ठेवले.

दाणे वेगळे होते. एकात बारीक काड्या, दुसऱ्यात चपट्या चकत्या. मला ते दिसलं होतं. जाड रवा आणि बारीक रवा, शेवटी दोन्ही रवाच, असं मी तेव्हा स्वतःशी म्हणालो. लेबलं वाचली नाहीत. चष्मा आत राहिला होता, आणि तो आणायला उठायचा मला कंटाळा आला.

शनिवारी सकाळी नकुल आला. सीझन सुरू होता, दुपारी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन रायफल तपासायची होती. त्याने डबा उघडला, पावडर तराजूच्या पॅनमध्ये घेतली आणि थांबला.

‘बाबा, धिस लुक्स डिफरंट.’

मला सगळं कळलं असं नाही. पण मी काहीतरी चुकीचं करून बसलोय एवढं कळलं. एक वाक्य बोलायचं होतं, ‘अरे, मी दोन्ही डबे एकत्र केले.’ पण समोर भिंतीवर ती पाटी होती. तो माझ्याकडे बघणार, मग पाटीकडे बघणार, आणि मग समजूतदारपणे मान हलवणार. ती मान हलवणं मला नको होतं.

‘आता दाणेसुद्धा तपासणार का तू?’ मी म्हटलं. ‘चाळीस वर्षं माल पास करत आलोय मी. डबा तोच, लेबल तेच. घाबरत असशील तर दे सोडून, गोल्फ खेळ.’

तो घुटमळला. मला अजूनही वाटतं, त्याने तेव्हा ऐकायला नको होतं. चौतीस वर्षांचा माणूस, बापाच्या एका टोमण्याने माघार घेतो? पण त्याला तसं मीच वाढवलेलं. त्याने भरली काडतुसं, दहाच्या दहा, प्रत्येक दोनदा तोलून.

रेंजवर पहिल्याच बाराला रायफल फुटली.

डोळे गॉगलमुळे वाचले. उजव्या हाताचा अंगठा मुळातून गेला, दोन बोटं शिवली पण ती वळत नाहीत. रेंजवरच्या माणसाने पट्टा आवळून रक्त थांबवलं. मी बाजूला उभा होतो. नकुल त्याला सारखं सांगत होता की आपण नीट मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा फोन आला. उरलेली पावडर आणि काडतुसं आणून द्या, तपासली की कारण कळेल. मी म्हटलं, भीतीने सगळं टाकून दिलं. फोन ठेवला आणि मग टाकायला गेलो. काडतुसं उकलून गोळ्या कचऱ्यात टाकल्या, पावडर मागच्या अंगणात मातीत मिसळली आणि वरून पाणी मारलं.

वसुधाला आठवड्याने कळलं. तिला पडद्यासाठी स्क्रू हवा होता. पावडरच्या डब्यात स्क्रू दिसल्यावर तिला काही सांगावं लागलं नाही, एकेचाळीस वर्षं माझ्या घरात राहतेय ती. तिने डबा माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला.

‘नकुलला सांगा. नाहीतर मी सांगते.’

‘सांग ना,’ मी म्हटलं. ‘हात तर गेलाच आहे त्याचा. आता बापही घालव. त्याने अंगठा परत येणार असेल तर आत्ता फोन लाव.’

तिने फोन लावला नाही. मी जे म्हटलं ते दुष्टपणाचं होतं, मला कळतं. पण ते लागू पडलं.

नकुलने क्लिनिक बंद केलं. रात्रंदिवस ती वही घेऊन बसायचा, बेरजा परत परत करायचा. एका काडतुसात आपण चुकून दोनदा पावडर ओतली असणार, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. एवढी पावडर त्या पुंगळीत मावतच नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तरी त्याने ठरवलं, कारण दाण्यांचा विषय त्याने माझ्या शब्दावर कधीच मिटवला होता आणि दुसरं काही उरलंच नव्हतं. मी त्याला अडवलं नाही.

परवा रविवारी तो जेवायला आला. वसुधा त्याच्या ताटात पोळीचे तुकडे करत होती. तो डाव्या हाताने चमचा धरून बसला होता. आल्यापासून काहीतरी बोलायचं होतं त्याला, मला दिसत होतं.

‘बाबा, आय ॲम सॉरी,’ तो म्हणाला. ‘तुमच्या गॅरेजमध्ये हे सगळं आणलं. तुम्ही शेजारीच उभे होता, तुम्हाला काही झालं असतं तर? तुम्ही म्हणाला होतात, हे सोडून गोल्फ खेळ. यू वर राइट.’

वसुधाचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, त्या दिवशी मागितलं. नकुलही माझ्याकडेच बघत होता, आठवीत मार्क कमी पडले की बघायचा तसा.

मी घोटभर ताक प्यायलो आणि म्हटलं, ‘जाऊ दे रे. मी काही मनावर घेतलेलं नाही.’