सुयांच्या डब्यातला दिशादर्शक

२०२२ सालच्या उत्तरायणाची ही गोष्ट आहे. सुरतेच्या आभाळात पतंगच पतंग होते आणि तिथल्याच उधना भागातल्या एका खोलीत मी टेबलावर पडलो होतो. मित्रांनो, मी एक जुना चुंबकमापक आहे, नखाएवढा. पृथ्वीचं चुंबकत्व ओळखून दिशा सांगणं हे माझं काम. तुमच्या मोबाइलमधलं होकायंत्र माझ्याच भाऊबंदांच्या जोरावर चालतं.

मी आणि माझा जुळा भाऊ एकाच पाकिटातून हर्षदाच्या हाती आलो. तिचे वडील भटू लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला, तर आई पुष्पाबाई घरी साड्यांना लेस लावणारी. हर्षदा आणि तिचा वर्गमित्र प्रज्ञेश कॉलेजात डब्याएवढा उपग्रह बनवत होते. तारे पाहून दिशा ओळखणारा कॅमेरा त्यांना परवडणारा नव्हता. म्हणून आमच्यासारखी स्वस्त उपकरणं आणि त्यांच्या चुका वजा करणारं प्रज्ञेशचं गणित. जुळा वर जाणार होता, मी खाली राहून त्याच्याशी आकडे ताडून पाहणार होतो.

भटूंनी मला बोटावर घेतलं. "हाऊ इतलासा जीव आभायमा वाट दखाडी का वं?"

"वाट नही आबा. आपलं तोंड कोनाकडे शे, तितलंच सांगी," हर्षदा हसून म्हणाली.

पण तेवढ्यावरच सगळं होतं. तोंड कळलं तर उपग्रह आपले सौरपट्ट्यांचे पंख उन्हाकडे वळवणार आणि बॅटरी भरणार. नाही कळलं, तर तो विझणार.

त्या दिवशी कॉलेज बंद, म्हणून शेवटची तपासणी घरीच झाली. जुळा उपग्रहाच्या उघड्या डब्यात बसवलेला होता; त्याला डब्यासकट साऱ्या दिशांना फिरवून आकडे पक्के केले. मग प्रज्ञेश "चल, एक तरी पतंग कापू" म्हणाला आणि दोघं गच्चीवर गेले. मी लॅपटॉपला जोडलेलाच राहिलो.

इकडे पुष्पाबाई सुया मोजत होत्या. काम आवरलं की जुन्या स्पीकरमधला चुंबक त्या सगळीकडे फिरवायच्या.

"एक सुई कमी शे. साडीमा राहिनी तर शेठ गठ्ठाच परत धाडी," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. त्यांनी साड्यांवरून चुंबक फिरवला. मग टेबलावरून, जुळ्याच्या अगदी अंगावरून. सुई सापडली. पण जुळ्याशेजारी एक पोलादी स्क्रू होता. मागवलेला पितळी वेळेत आलाच नव्हता. तो स्क्रू चुंबक होऊन बसला. माझे आकडे पडद्यावर उसळले. बघायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डबा बंद होऊन रवाना झाला.

नोव्हेंबरात उपग्रह वर गेला. जुळ्याला स्क्रूचीच दिशा खरी वाटली. पंख उन्हाकडे वळलेच नाहीत. नवव्या दिवशी त्याचा आवाज थांबला.

प्रज्ञेश आपलंच गणित चुकलं म्हणून जेवेना. हर्षदाने माझ्या जुन्या नोंदी उघडल्या. चौदा जानेवारी, दुपारी सव्वाचार. तिने आईच्या सुयांच्या डब्यातला चुंबक माझ्याजवळ धरला. आकडे तसेच उसळले. तिने तो जागच्या जागी परत ठेवला.

"मन्हाकडथून काही चुकनं का वं?" पुष्पाबाईंनी दारातून विचारलं.

"नही वं माय."

कॉलेजात तिने सांगितलं, "प्रज्ञेशचं गणित बरोबर होतं. तपासणीनंतर डबा उघडा मी ठेवला."

प्रज्ञेश आता वलसाडला शिकवतो. भटूंना लूमच्या खडखडाटाने ऐकू येईनासं झालं. गल्लीत मात्र ते अजून सांगतात, पोरीचं यान आभाळात गेलं. हर्षदा बेंगळुरूत उपग्रहांचंच काम करते. डबा बंद करण्याआधी ती प्रत्येक उपकरण पुन्हा एकदा फिरवून पाहते. लोक तिला संशयी म्हणतात. जुळा गेल्या वर्षी वातावरणात जळून गेला.

आणि मी? पुष्पाबाईंनी मला मागून घेतलं, लेकीची आठवण म्हणून. सुयांच्या डब्यात, त्याच चुंबकाला चिकटून ठेवलं. सुट्टीत आलेल्या हर्षदाने ते पाहिलं. तिने झाकण हळूच लावलं.

मित्रांनो, आम्ही खोटं बोलत नाही. जे फार जवळ असतं, त्याच्याकडे वळतो, एवढंच. म्हणून कुणाला दूर पाठवण्याआधी आम्हाला पुन्हा एकदा विचारत जा, उत्तर कुठे आहे? मला आता विचारू नका. मला वीज दिलीत, तर मी पुष्पाबाईंच्या चुंबकाकडेच बोट दाखवीन.