तेल ऐंशी

चमच्याच्या पाठीवरचा थेंब कडेने पांढरट व्हायला लागला होता, मधे मात्र अजून पिवळा, पारदर्शक — ती नख टेकवून बघत होती, नीट घट्ट होतोय की नुसताच थिजतोय... आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं, की आपण थेंब बघतच नाही आहोत, आपण पुन्हा ते वाक्य ऐकतो आहोत. ‘आणि आमच्या ताई डबे भरायला मदत करतात हं!’ धाकट्या जावेचा तो लाडिक ‘हं’. तिने मोबाइलवर टाकलेल्या व्हिडिओत मान जराशी तिरकी, हातात डबी. माझी डबी. मदत! बाई गं, मदत!

चेहरा धुण्याचा हा बाम तिने बसवला तो धाकटी या घरात यायच्याही आधी. अकरा वर्षं नाटकांच्या रंगपटात लोकांचे चेहरे रंगवण्यात गेली — खेळ संपला की तोच रंग खरवडून काढायचा, आणि खालून निघणारी ती लालेलाल, सोललेली कातडी बघायची. तेव्हापासून डोक्यात किडा. एक घाणा मेणबत्तीसारखा झाला, एक उन्हात वितळून पर्सभर पसरला, एक सावकाश गार होऊ दिला तर आत रव्यासारखे दाणे. सतरा घाणे! नवरा म्हणायचा, “तुझ्या प्रयोगांपायी घरातली भांडी तेवढी तुकतुकीत झाली.” आणि मग सापडलं ते मधासारखं दाट द्रव्य, ज्याचं खरं नाव उच्चारताना जिभेला गाठ पडते. तिने बाटलीवर स्वतःच चिठ्ठी चिकटवली : ‘दुधाळ’. कारण ते बाममध्ये असलं, की तेलकट चेहऱ्यावर पाण्याचा हात फिरवताच सगळं दुधासारखं पांढरं होऊन रंगासकट वाहून जातं. नसलं तर तेल तेलच राहतं. पाणी वरून घरंगळतं, आणि बाई तशीच, काजळासकट चकचकीत.

हे धाकटीला ठाऊक नव्हतं. तिला फक्त डब्या ठाऊक. त्या तिने ऑफिसात वाटल्या, कौतुक झालं, झाकणावर तिचं नाव छापून आलं, आणि आता उद्या चाळीस बायकांपुढे ती बाम करून दाखवणार, त्याच बामने स्वतःचा मेकअप उतरवून दाखवणार. सकाळी फोन : “ताई, चार ओळींत कृती लिहून ठेवा ना. दुपारी येते. आणि एक ताजी डबी!” ‘माझी कृती दे’ म्हणायलाही तिला लाज वाटली नाही, कारण ‘तुमची’ असं ती म्हणालीच नाही. नुसती कृती. झाडाला लागलेली.

तेल पासष्ट ग्रॅम, शियाच्या बियांचं लोणी बारा, मेण आठ — इथे पेन थांबलं होतं. शंभरातले पंधरा उरले. पंधरा ग्रॅम दुधाळ, एवढंच लिहायचं होतं. तिने तो कागद फाडला, बारीक फाडला, आणि नव्यावर लिहिलं : तेल ऐंशी. लोणी बारा. मेण आठ. बेरीज चोख शंभर. आकड्यांत धाकटी पक्की, पंच्याऐंशी दिसले असते तर लगेच विचारलं असतं. असं हातचं राखून सांगणाऱ्या बायकांना तिने आजवर नावं ठेवली होती. ठेवू देत आता मला कुणी! आणि घाणाही तसाच केला, दुधाळावाचून. उद्या स्टेजवर ती पाणी मारेल, पुन्हा मारेल, हसेल, काळे ओघळ हनुवटीपर्यंत येतील, पुढच्या रांगेतली कुणीतरी मोबाइल वर धरेल... चांगली तोंडघशी पडू दे. पोटात गार गार वाटत होतं. खोटं कशाला बोला, फार छान वाटत होतं.

धाकटी आली ती ऑफिसातून तशीच, पूर्ण मेकअपमध्ये. डबी दिसल्याबरोबर झाकण उघडलं.

“आत्ताच बघते हं ताई. उद्याची रंगीत तालीम!”

“अगं, अजून बसला नाही तो—”

पण तिने दोन बोटं भरून घेतलाही होता. बेसिनपाशी उभी राहून ती गालावर, पापण्यांवर चोळत राहिली, मग पाणी. पाणी घरंगळलं. आणखी पाणी.

“ताई, जात नाहीये हो!”

“चोळ.”

डोळे मिटलेले, काजळ गालांवर, लिपस्टिक हनुवटीला. जे उद्या चाळीस जणींनी बघायचं ते आज तिला एकटीला मिळालं होतं, अगदी हाताच्या अंतरावर. ती बघत राहिली. टॉवेल तिच्या स्वतःच्याच खांद्यावर होता, तो तिने दिला नाही. आता विचारेल. आता म्हणेल, ताई, तुम्ही यात काय केलंत?

“माझंच चुकलं,” धाकटी चाचपडत नळ बंद करत म्हणाली. “तुम्ही सांगत होता, बसला नाही म्हणून. मी मेली घाईची. उद्यापर्यंत होईल नीट, हो ना?”

विश्वास म्हणावा, तर... नाही, विश्वास नव्हे. कणीक मळणाऱ्या बाईने मुद्दाम मीठ कमी घातलं असेल असं कुणाच्या मनात येतं का? ताई मुद्दाम काही करू शकतात, त्यांना राग येऊ शकतो, त्या बामच्या आत कुणीतरी आहे, हे या पोरीच्या डोक्यातच येत नाही. उद्या फजिती झाली तरी येणार नाही. म्हणेल, मेण खराब होतं. म्हणेल, हॉलमधलं पाणी जड होतं. लोक म्हणतील, बामच भिकार. माझा बाम! आणि चांगला झाला तेव्हाही मी कुठे नव्हते, वाईट झाला तरी नाहीच.

तिने टॉवेल दिला. धाकटीने खसाखसा तोंड पुसलं, टॉवेल काळा केला, कागद घेतला.

“सगळं लिहिलंय ना यात?”

“सगळं.”

वाच. बाटली समोर आहे, ओट्यावर, चिठ्ठी तुझ्याकडे तोंड करून. विचार ना माझे आई, हे काय म्हणून, एकदा तरी विचार... धाकटीने कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकली, डबी टाकली, आणि दारात वाकून सँडलचा पट्टा लावू लागली. पट्टा अडकत होता. ती तिच्या वाकलेल्या पाठीकडे बघत उभी राहिली आणि तिला कळलं की मघाचं पोटातलं ते गार गार कधीच गेलंय. धाकटीची फजिती आता नकोशी झाली होती असंही नाही — तिला पकडलं जायचं होतं. या मुलीने वळावं, तोंडावर तेलाची चकाकी असतानाच मला ओळखावं. निदान वैरीण म्हणून तरी.