खिडकीतला तक्ता

पाणीपुरवठ्याच्या माणसांना शिकवण्यात प्रशिक्षकांची सोळा वर्षं गेली होती आणि निम्मी मेहनत पालथ्या घड्यावर पाणी, असं ते स्वतःच चिडून म्हणायचे. या गावचा पंपवाला मात्र त्यांचा हुकमी एक्का. गावात काविळीची साथ आली म्हणून ते तपासायला आले, तर पंपघर आरशासारखं लख्ख.

"तुम्ही शिकवलंत तसं रोज सकाळी तपासतो, साहेब. एक दिवस चुकवला नाही." पंपवाल्याने काचेच्या नळीत नळाचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन पुरेसं असेल तर पाणी पिवळं व्हायला हवं. त्याने नळी खिडकीतल्या रंगांच्या तक्त्याशी धरली. "बघा, तंतोतंत!"

जुळत होतं खरं. पाण्याला पिवळेपणाची नुसती झाक होती, आणि तक्त्यालाही.

"हा तक्ता कायम इथेच असतो?"

"उजेडात बघा म्हणाला होतात ना? दोन वर्षं जागचा हलवला नाही."

उजेडात बघा म्हणाले होते. उन्हात ठेवू नका, एवढंच सांगायचं राहिलं होतं. त्यांनी बॅगेतून नवा तक्ता काढून शेजारी धरला. त्यावर तोच रंग पिवळाधमक होता. नळीतलं पाणी त्याच्यापुढे अगदी कोरं दिसत होतं.

पंपवाला दोन्ही तक्त्यांकडे बघत राहिला. त्याची सात महिन्यांची गरोदर सून गेल्याच आठवड्यात काविळीने गेली होती.

"साहेब," त्याने हळूच विचारलं, "हा नवाच छापताना चुकला असेल, हो ना?"